जुना ५.१ रिसीव्हर आणि नवा फोरके टीव्ही, कुठली केबल कुठं? (शनिवारी भिंत बंद होणार)

सांगलीचा_सूर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय कारण घराचं काम चालू आहे आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय शनिवारपर्यंत पाईप कुठून कुठं न्यायचे ते सांगा, एकदा भिंत बंद केली की परत फोडणार नाही.

माझ्याकडे २००९ साली घेतलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिसीव्हर आहे, अजून ठणठणीत चालतो, मॅन्युअलमध्ये एचडीएमआय १.३ लिहिलंय. मागे एचडीएमआय तीन इन एक आउट, दोन ऑप्टिकल, एक कोॲक्सिअल (ही तिन्ही फक्त डिजिटल आवाजाची), लाल-हिरवी-निळी कंपोनंटची भोकं, आणि पिवळी-लाल-पांढरी तर ढीगभर. दिवाळीत टीव्ही घेतला ५५ इंची फोरके, त्याच्या एका एचडीएमआयपाशी ईआर्क लिहिलंय. टीव्ही समोरच्या भिंतीवर, रिसीव्हर बाजूच्या कपाटात, केबल वळसा घालून ६ मीटर तरी होईल.

जोडायचंय: सेटटॉप बॉक्स, ओटीटी बघायची फोरकेची स्टिक, साधा ब्लू-रे प्लेयर (फोरके नाही), बाबांचा रेकॉर्ड प्लेयर, आणि एक व्हीसीआर, कारण आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे आणि आजीचं हलतंबोलतं चित्रण तेवढं एकच आहे आमच्याकडे.

मी आधी सगळं रिसीव्हरला जोडून एकच केबल टीव्हीला नेली, पण स्टिक १०८० च्या वर जाईना. दुकानदार म्हणतो रिसीव्हर भंगारात द्या आणि नवा घ्या. खरंच तसं आहे का? आवाज अजून इतका सुंदर आहे की मन होत नाही.

कळव्याचा_केबलवाला
भंगारात अजिबात देऊ नका. तुमच्या रिसीव्हरला फोरकेचं चित्र पुढं पाठवता येत नाही, एवढीच त्याची अडचण आहे. फोरकेला एचडीसीपी २.२ नावाची कुलूपव्यवस्था लागते, ती २००९ च्या मशीनमध्ये असणं शक्यच नाही, आणि एचडीएमआय १.३ ची वाट सेकंदाला फक्त १०.२ गिगाबिटची, फोरके ६० फ्रेमला १८ लागतात. स्टिकला मधे कुलूप ओळखणारा कोणी भेटला नाही की ती गप १०८० वर उतरते. बिघाड कशातच नाहीये.

म्हणून चित्राची आणि आवाजाची वाट वेगळी करा. स्टिक सरळ टीव्हीला, सेटटॉप बॉक्सही सरळ टीव्हीला (आईला मालिका बघायला रिसीव्हर चालू करायला लागू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं), आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून एक केबल रिसीव्हरच्या ऑप्टिकल इनला. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित जातं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएमवर (न दाबलेला कच्चा आवाज) असेल तर तुम्हाला दोनच चॅनल मिळतील, ते ऑटो किंवा डॉल्बी डिजिटल करा, मग ५.१ चं काही लागलं की रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी उमटेल. नाही उमटलं तर समजा सेटिंग अजून चुकलंय.

ब्लू-रे मात्र टीव्हीला जोडू नका, तो एचडीएमआयने रिसीव्हरलाच द्या आणि रिसीव्हरच्या आउटमधून एक एचडीएमआय टीव्हीला. साधी ब्लू-रे १०८० चीच असते त्यामुळं तिथं तुमचा १.३ काही कमी पडत नाही, उलट ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे ब्लू-रेवरचा काहीही न गाळलेला आवाज, पूर्ण मिळेल. त्या काळच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे डीकोडर आहेत, पुढच्या पट्टीवर लोगो असतो बघा. हाच ब्लू-रे टीव्हीमार्गे ऑप्टिकलने आणला तर हे दोन्ही गळतात, शिवाय कित्येक टीव्ही डीटीएस पुढं पाठवतच नाहीत.

म्हणजे कपाट ते टीव्ही दोनच केबल, एक एचडीएमआय आणि एक ऑप्टिकल. १०८० ला ६ मीटरची साधी चांगली केबल चालते.

फोरके_फॅन_नाशिक
दादा माझं मत वेगळं आहे. जुना रिसीव्हर चालेल हे खरं पण ॲटमॉसचं, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणाऱ्या डॉल्बीच्या प्रकाराचं काय? ओटीटीवर आता बरंच काही ॲटमॉसमध्ये येतं आणि ते डॉल्बी डिजिटल प्लसवर येतं, ऑप्टिकलमधून ते जातच नाही, टीव्ही त्याचं साधं ५.१ करून पाठवतो. नवा रिसीव्हर घेतला तर टीव्हीतून आवाज परत आणायला एचडीएमआयची एकच केबल पुरते, त्या सोयीला आर्क म्हणतात आणि ईआर्क ही तिची मोठी आवृत्ती. आणि एक गैरसमज सगळीकडे दिसतो म्हणून सांगतो, ओटीटीच्या ॲटमॉसला साधा आर्कसुद्धा पुरतो, ईआर्क लागतो तो प्लेयर टीव्हीला जोडून ट्रूएचडी किंवा ७.१ पीसीएम परत आणायचं असेल तेव्हा. पण आर्क आला १.४ बरोबर, म्हणजे तुमच्या १.३ मध्ये दोन्ही नाहीत, टीव्हीवर लिहिलेलं ईआर्क आज तुमच्या काही उपयोगाचं नाही.

कळव्याचा_केबलवाला
नाशिककर, मुद्दा बरोबर आहे, पण ॲटमॉसला छतात किंवा वर तोंड केलेले स्पीकर हवेत, ते यांच्याकडे नाहीत. पाच स्पीकरवर चांगलं ५.१ ऐकणाऱ्या माणसाला नुसता रिसीव्हर बदलून फारसं काही मिळणार नाही. पैसे असतील तर सबवूफरवर घाला असं मी म्हणेन. मात्र भिंतीतली सोय पुढच्या रिसीव्हरचा विचार करूनच करा.

रत्नागिरीची_लेक
शनिवारच्या आत हे नक्की वाचा. आमच्याकडे वायरमनने नेहमीचा पाऊण इंची पाईप टाकला, केबल घालूनच भिंत बंद केली, दोन वर्षांनी केबल गेली आणि नवीन घालायला गेलो तर एचडीएमआयचं डोकं एल्बोमध्येच अडकलं. शेवटी भिंतीवरून पट्टी मारून केबल नेली, अजून तशीच आहे आणि रोज डोळ्यात खुपते. त्यामुळं किमान दीड इंची पाईप घ्या, काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड वापरायला सांगा, आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा. लाईटच्या वायरी त्याच पाईपातून नेऊ देऊ नका, ते लोक जागा वाचवायला हमखास तसं करतात. ऑप्टिकलची केबल सगळ्यात शेवटी हलक्या हाताने ओढा, ती मुडपली की संपली. पुढं फोरके न्यायचं झालं तर ६ मीटरला फायबरवाली एचडीएमआय घेतलेली बरी, तिला दिशा असते, सोर्स लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे आणि डिस्प्ले लिहिलेलं टीव्हीकडे, उलटी ओढलीत तर परत सगळं काढावं लागेल.

आणि डिशची छत्री असेल तर विजांचा पाऊस येणार असं दिसलं की, विजा सुरू व्हायच्या आधीच, नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीची केबलही डब्यातून काढा. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पावसात त्याच केबलमधून झटका आला, डबा गेला आणि त्याला जोडलेलं टीव्हीचं एचडीएमआय पण गेलं. स्पाइक गार्ड होता, पण तो लाईटच्या बाजूला, छत्रीच्या केबलवर काहीच नव्हतं.

बुधवारपेठी
व्हीसीआर आणि रेकॉर्डबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

व्हीसीआरची पिवळी केबल रिसीव्हरला लावली तर चित्र एचडीएमआयमधून बाहेर येईलच असं नाही, काही मॉडेल तसं रूपांतर करतात, काही पिवळ्यात आलेलं पिवळ्यातूनच देतात. तुम्ही सरळ टीव्हीला लावा. नव्या टीव्हीला तीन भोकांऐवजी एव्ही इनचं एकच बारीक भोक असतं, त्याला जोडणी केबल लागते, पण आतल्या पिनांचा क्रम सगळ्या केबलींत सारखा नसतो. चित्र दिसलं नाही तर व्हीसीआरकडचे प्लग आलटून पालटून बघा. आणि चित्र आलं की त्याच दिवशी कॅसेट डिजिटल करून घ्या, टेप बुरशी धरते, थांबू नका.

रेकॉर्ड प्लेयरचं आधी कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) कुठलं ते बघा. जुन्या भारतीय प्लेयरना बहुतेक सिरॅमिक असायचं, त्याचा सिग्नल मोठा असतो, तो सीडी किंवा ऑक्स इनला सरळ चालतो. मॅग्नेटिक असेल तर सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या आसपास, त्याला रिसीव्हरवर फोनो इन (रेकॉर्ड प्लेयरसाठीचं वेगळं भोक) हवं, नसेल तर मधे फोनो प्रीॲम्प लावा, नाहीतर आवाज अगदी बारीक येईल आणि खर्ज गायब. प्लेयरमधून एक सुटी बारीक वायर येत असेल तर ती अर्थची, ती प्रीॲम्पच्या स्क्रूला आवळा.

स्पीकरची वायर घेताना तांब्याची आहे का ते तिथंच ब्लेडने खरवडून बघा. तपकीर गल्ली असो की लॅमिंग्टन रोड, वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असलेली वायर सर्रास मिळते. आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या. घरात १६ गेज पुरे.

सांगलीचा_सूर
सगळ्यांचे मनापासून आभार. दीड इंची पाईप टाकला, दोरी आत आहे, इलेक्ट्रिशियनने थोडी कुरकुर केली पण ऐकलं. ऑप्टिकल लावल्यावर आधी दोनच स्पीकर बोलत होते, पीसीएम काढून ऑटो केलं आणि डॉल्बी उमटलं. ब्लू-रे रिसीव्हरमधून लावली तर आवाजात एवढा फरक की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली बघायला. रेकॉर्ड प्लेयर सिरॅमिकच निघाला, सीडी इनला जोडला, बाबांनी रात्री साडेअकरापर्यंत नाट्यसंगीत लावलं होतं.

व्हीसीआरला चित्र नव्हतं, मग पिवळं काढून लाल लावलं आणि आलं. आजी मांडवात कुणाला तरी पंगतीला बसा म्हणून ओरडतेय, बाबांनी तेवढंच चार वेळा मागं नेऊन ऐकलं. सोमवारी कॅसेट डिजिटल करायला देतोय.

एकच राहिलं, सेटटॉप बॉक्सवर बातम्या लावल्या की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. रिसीव्हरमधला डिले शून्यच आहे.

कळव्याचा_केबलवाला
रिसीव्हरचा डिले आवाज आणखी मागंच नेईल, त्याला हात लावू नका. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट डिले असं काहीतरी असेल, तो शून्यावर आणा. तरी फरक राहिला तर फक्त डब्यापुरती ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल डब्यातूनच थेट रिसीव्हरला द्या, तुमच्याकडे एक ऑप्टिकल रिकामं आहेच. चित्र टीव्हीला आहे तसंच राहू दे.