शब्दचर्चा: 'कंपॅटिबल' म्हणजे बसणारं, ओळखलं जाणारं की चालणारं?

प्रश्न, परभणीहून:
जुन्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड बदलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुकानात एक मराठी पत्रक ठेवायचंय. पहिल्याच ओळीत अडलोय. 'कार्ड घेण्याआधी ते तुमच्या लॅपटॉपशी सुसंगत आहे का ते तपासा' असं लिहिलं, तर दुकानातला पोरगा म्हणतो, "सर, गिऱ्हाईक विचारतंय बसतंय का, अन् तुम्ही सुसंगत लिहायलाव." त्याचं म्हणणं पटतं. पण 'बसतं' हा शब्द छापायला फार ढोबळ वाटतो. नेमका शब्द कोणता?

नांदेडहून:
'सुसंगत' राहू द्या. सॉफ्टवेअरच्या मराठी रूपांत तोच दिसतो, लोकांना सवय होतेय.

लातूरहून:
सर, मी तुमच्या पोराच्या बाजूनं आहे. 'बसतं' ढोबळ मुळीच नाही. फक्त तो तीन प्रश्नांपैकी पहिल्याचंच उत्तर देतो. 'सुसंगत'ची अडचण अशी की तो तिन्ही प्रश्न एका पिशवीत घालतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे तिथंच बुडतात.

आधी बसणं. जुन्या लॅपटॉपांत मिनी पीसीआयई कार्ड असतं, नंतरच्यांत एम.2. एकाच्या जागी दुसरं जात नाही. एम.2 वायफाय कार्डाचं नेहमीचं माप 2230, म्हणजे 22 मि.मी. रुंद आणि 30 मि.मी. लांब. कार्डाच्या सोनेरी दातांमध्ये खाच असते. वायफायसाठी ए आणि ई या जागच्या खाचा, माहिती साठवणाऱ्या एसएसडीसाठी एम जागची. खाच आणि खोबण जुळली की कार्ड थोडं तिरकं आत सरकतं, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. अँटेनाच्या वायरीही यातच धरा. मिनी पीसीआयईवरची गोल टोकं मोठी, एम.2 वरची बारीक. बारीक टोक बरोबर मधोमध ठेवून बोटाच्या पेरानं दाबलं की 'टिक्' होतं. तिरकं धरून जोर लावला तर कार्डावरची कडी चेपते, आणि मग ती वायर पुन्हा धरून राहत नाही.

दुसरं ओळखणं. दुरुस्तीच्या टेबलावर आम्ही म्हणतो, "कार्ड बसलं, पण मशीन घेईना." हे 'घेणं' फार मोलाचं क्रियापद आहे. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादीच भरलेली असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरू होतानाच इशारा येतो आणि गाडी तिथंच थांबते. कार्ड चांगलं, खोबण चांगली, तरी घेत नाही.

याहून फसवा प्रकार इंटेलच्या सीएनव्हीआय कार्डांचा. यांत वायफायच्या कामाचा एक भाग कार्डावर नसून इंटेलच्याच चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) किंवा प्रोसेसरमध्येच असतो. म्हणून यांतलं एएक्स201 हे कार्ड एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये खोबणीत अगदी नीट बसतं आणि तरी निर्जीव पडून राहतं. त्याच्या शेजारचं एएक्स200 मात्र साधं पीसीआयई कार्ड आहे, ते एएमडीवरही चालतं. एएक्स211 आणि एएक्स210 यांच्यातही हाच फरक. शेवटच्या एका आकड्याचा खेळ आहे. पत्रकात हे ठळक अक्षरात छापा.

तिसरं चालणं. एएक्स210 ला विंडोज 10 किंवा 11 लागतं, तेही 64 बिट. लिनक्सवर कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, 5.10 किंवा त्यापुढचं हवं. 'अर्धं चालतंय' ही तक्रारही खरी असते: वायफायचा भाग पीसीआयईवरून जातो आणि ब्लूटूथचा यूएसबीवरून. त्या खोबणीला यूएसबी जोडलेलं नसेल, तर वायफाय मिळतं आणि ब्लूटूथ दिसतच नाही. राउटर फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झचा असेल, तर नवं कार्ड चालेल, पण त्याच पट्ट्यावर.

परभणीहून:
ताई, हे पटलं. बसतं, घेतं, चालतं, अशा तीन ओळी छापतो. पण तक्त्याला मथळा हवा, तिथं क्रियापद कसं घालू? नाम लागेल ना?

छत्रपती संभाजीनगरहून:
नामाचा विषय निघालाच आहे, तर एक जुना शब्द ठेवतो. 'माफक'. मूळ अरबी 'मुवाफिक', अर्थ अनुकूल, जुळणारा. म्हणजे थेट तुमचा 'कंपॅटिबल'. 'मर्जीमाफक' या शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात उर्दूचा शेजार इतका जवळचा, की 'हवा माफिक आली नाही' हे दखनी बोलणं इथं कुणाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मला हा शब्द मनापासून आवडतो.

लातूरहून:
शब्द सुंदर आहे भाऊ, पण तक्त्यावर नको. आजच्या मराठीत 'माफक'चा अर्थ बेताचा, परवडणारा असा सरकलाय. 'माफक दर' सगळ्यांच्या तोंडी आहे. 'माफक कार्ड' वाचून गिऱ्हाईक स्वस्त कार्ड मागेल. 'मानवणं' चाललं असतं, तर तेही मला आवडलं असतं. पण ते अंगाला होणाऱ्या गोष्टींचं, हवापाण्याचं आणि औषधाचं. 'मेळ' जवळ येतो, तरी 'मेळ' म्हटलं की दोन्हीकडून थोडं सरकून घेणं आलं. इथं लॅपटॉप तसूभरही सरकत नाही, त्याला हवं तेच कार्ड आणावं लागतं.

सर, मथळ्याला नाम कशाला हवं? 'कोणत्या लॅपटॉपला कोणतं कार्ड?' असा प्रश्नच छापा. गिऱ्हाईक तोच विचारत येतं. खाली रकाने तीन: बसतं का, मशीन घेतं का, पूर्ण चालतं का. 'सुसंगत' हा शब्द विधानांसाठी, साक्षीसाठी, लेखातल्या मांडणीसाठी राहू द्या. तिथं त्याला तोड नाही.

आणि तक्त्याच्या सगळ्यात वर एक ओळ घाला. काही पातळ लॅपटॉपांत वायफायची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथं खोबणच नाही, तेव्हा आधी मॉडेल नंबर बघायचा, मग बाकीचं. अशा गिऱ्हाइकाला यूएसबीचा वायफाय अडॅप्टर दाखवा.