अ → अब, ब → अ: लांबी १, २, ३, ५ का येत नाही?

जेकार्डवाला
इचलकरंजीत साडीच्या डिझाइनचं काम करतो. काठाची वेल दरवेळी हाताने काढण्यापेक्षा नियमांनी वाढवावी म्हणून एल-सिस्टिम (अक्षरांच्या जागी ठरलेल्या नियमांनी नवी अक्षरं लिहीत ओळ वाढवायची पद्धत) वाचायला घेतल्या. पहिलंच उदाहरण शेवाळाचं: अ दिसला की अब लिहा, ब दिसला की अ लिहा, सुरुवात अ पासून. लांबी म्हणे १, २, ३, ५, ८ अशी वाढते. मी पायथनमध्ये दोन ओळी लिहिल्या, आधी अ चं रिप्लेस, मग ब चं. मला १, २, ४, ८ मिळतं, आणि ब एकही उरत नाही! नियम तर तेच आहेत. शिवाय याला ‘समांतर’ व्याकरण म्हणतात, म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागतं का? माझा पीसी जुना आहे.

डीबगदादा
कार्ड नको. पहिल्या रिप्लेसने आणलेले नवे ब दुसऱ्याने लगेच खाल्ले. अ चा अब झाला आणि त्याच फेरीत अअ. जुनी स्ट्रिंग नुसती वाचा, नवी वेगळी बांधा. एक लूप, प्रत्येक अक्षर डिक्शनरीत बघा, शेवटी जॉइन. विषय संपला.

निवृत्त_मास्तर
इलाज बरोबर, पण विषय इथे सुरू होतो. बरीच वर्षं ऑटोमाटा (गणन आणि व्याकरणं यांचं गणित) शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या व्याकरणात (तिथेही असेच चिन्हं बदलायचे नियम) एका पायरीला एकच चिन्ह बदलतात, कुठलं ते तुमची मर्जी. आरिस्टिड लिंडेनमायर हा जीवशास्त्रज्ञ. १९६८ मध्ये त्याला तंतूसारख्या साध्या जीवांची वाढ लिहायची होती. तंतूतली पेशी शेजारणीचं आटोपेपर्यंत थांबत नाही, म्हणून त्याने अट घातली: एका पायरीत सगळी चिन्हं एकदम बदलायची. तुमचा ब ही कोवळी पेशी, ती एका पायरीत फक्त मोठी होते. अ ही जून पेशी, ती दुभंगते. तुमच्या कोडमध्ये ब जन्मल्या जन्मल्या जून होतोय.

कागदावर करा: अ, अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ. प्रत्येक ओळ म्हणजे आधीची ओळ आणि तिला जोडून तिच्याही आधीची. फिबोनाची (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या) कुठून आला ते दिसलं?

आता नुसता अ → अअ घ्या. एकेक अ बदललात तर १, २, ३, ४, हवी ती लांबी मिळते. सगळे एकदम बदललात तर १, २, ४, ८, १६. ३ कधीच नाही. फक्त दोनाच्या घातांच्या लांबीची ही भाषा कुठल्याही कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणात, म्हणजे शेजारी न बघता एका वेळी एकच चिन्ह बदलणाऱ्या व्याकरणात, बसत नाही (पम्पिंग लेमा ही त्याची कसोटी, ती लावा, चार ओळींत होतं). नियमाला हात न लावता नुसती लावायची रीत बदलली, तर एवढा फरक!

अक्षरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, तेव्हा काम अनेक प्रोसेसरांत वाटता येतं. फक्त कुणी कुठे लिहायचं ते ठरवायला आधी लांब्यांची चढती बेरीज करावी लागते. काठाला यातलं काही नको.

विटा_चुना
मास्तर, थोडं भांडतो. मी आर्किटेक्ट. एकदम बदलणं सगळीकडे चालत नाही. पॅरिश आणि म्युलर यांनी २००१ मध्ये आभासी शहराचे रस्ते एल-सिस्टिमने वाढवले, ते झकास. पण इमारतींच्या २००६ च्या कामात म्युलर आणि मंडळींनी नियम क्रमानेच लावले. आधी मजले पाडायचे, मग मजल्यात खिडक्या. दोन्ही एकदम कसं होणार? स्टाइनी आणि गिप्स यांचं शेप ग्रामरही (अक्षरांऐवजी आकार बदलणारं व्याकरण) एका वेळी एकाच आकाराला हात लावतं, आणि १९७८ मध्ये स्टाइनी-मिचेल जोडीने इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या व्हिलांचे प्लॅन तसेच बसवले.

निवृत्त_मास्तर
मान्य. वाढ दाखवायची तर एकदम, रचना बसवायची तर क्रमाने, असं मीही म्हणेन. फक्त पॅलाडिओपर्यंत जाताना मद्रास वाटेत लागतं हे विसरू नका. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्येच कोलमसाठी, म्हणजे तमिळ रांगोळीसाठी, अ‍ॅरे व्याकरणं (एका ओळीऐवजी चौकटीत मांडलेल्या चिन्हांची) मांडली होती. आपल्याकडचे शिक्षक झाडांची रंगीत चित्रं दाखवतात आणि हे सांगत नाहीत, याची मला चीड आहे.

जेकार्डवाला
लूप लावला, ५, ८, १३ आलं. आता वेल काढतोय: फ म्हणजे एक रेघ पुढे, + डावीकडे, − उजवीकडे. पण काठाला रिपीट लागतो, म्हणजे तीच नक्षी पुन्हा पुन्हा. माझी वेल वाढता वाढता वळते आणि दुसरा रिपीट काठ सोडून साडीच्या अंगात शिरतो.

निवृत्त_मास्तर
सुरुवातीला फ ऐवजी फफफ द्या. अक्षरं शेजारी बघत नाहीत, त्यामुळे उत्तरात एका फ च्याच तीन प्रती सलग येतील. राहिली दिशा. नियमात + जितके तितकेच − ठेवा, मग वेल जिकडे तोंड करून निघाली तिकडेच तोंड करून संपते आणि रिपीट एका सरळ रेषेत पडतात. ती रेषा काठाला तिरकी आली तर अख्खं चित्र फिरवा. फांद्या चौकोनी कंसात घाला. कंस बंद झाला की पेन जुन्या जागी, जुन्या दिशेला येतो, म्हणून कंसातले + − मोजू नका.

जेकार्डचा (नक्षी विणायच्या मागाचा) ग्राफ चौकोनी, तेव्हा ६० अंशांच्या नादी लागू नका. ९० अंश घेऊन फ → फ+फ−फ−फ+फ करून बघा.

जेकार्डवाला
हे जमेल! पायऱ्या किती करू? माझा रिपीट ८१ घरांचा आहे.

निवृत्त_मास्तर
या नियमात रेघ दर पायरीला तिसऱ्या हिश्श्याची होते. ८१, २७, ९, ३, १. चार पायऱ्या, ६२५ रेघा. पाचवीला रेघ घरापेक्षा लहान होईल.