विषय: विमान कंपनीला पत्र – पैसे नकोत, ढोलांची जागा मागूया

प्रेषक: युवा समिती

नमस्कार मंडळी,
यंदा गणपतीत आपल्या सिंगापूरच्या मंडळाच्या मुलांचं ढोल पथक पहिल्यांदा उभं राहतंय, सोळा वादक, सगळ्यात धाकटा अकरा वर्षांचा. ढोल-ताशे पुण्यातून आणायचेत. स्पॉन्सरशिपसाठी विमान कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा जोडलाय, त्यात ५,००० डॉलरची मदत मागितलीय. मागच्या वर्षी एका कंपनीला असंच पत्र पाठवलं होतं, त्याची साधी पोचसुद्धा आली नाही, म्हणून यावेळी आधी सगळ्यांना दाखवतोय. रविवारपर्यंत सांगा प्लीज.

प्रेषक: टॅम्पिनीजचे काका

मुलांनो, मसुदा वाचला. भाषा छान आहे पण मागणी चुकलीय असं मला मनापासून वाटतं.

२५ ऑक्टोबर २००७ ला सिंगापूर एअरलाइन्सचं ए-३८० हे दुमजली विमान जगात पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालं, इथल्या चांगी विमानतळावरून सिडनीला. मी त्या सकाळी ऑफिसला उशीर करून चांगी बीचवर जाऊन उभा होतो, एवढं मोठं धूड वर उचललं गेलं तेव्हा आजूबाजूची अनोळखी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या फ्लाइटच्या सीटा कंपनीने ईबेवर लिलावात काढल्या होत्या, साडेचारशेच्या वर माणसं बोली लावून बसली, एकाने दोन सूट्ससाठी, म्हणजे खासगी केबिनसाठी, १,००,३८० अमेरिकन डॉलर मोजले, आणि सगळे मिळून जवळपास १३ लाख अमेरिकन डॉलर जमले ते धर्मादाय कामाला दिले – इथल्या कम्युनिटी चेस्ट या धर्मादाय निधीला, सिडनीतल्या मुलांच्या दोन हॉस्पिटलांना आणि मेदसां सां फ्रोंतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला. म्हणजे बघा, कंपनीने दिलं काय, तर सीट. जे तिच्याकडे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही.

आपल्या एअर इंडियाचंही तसंच. १९५६ मध्ये बी. प्रभा मुंबईत अगदी नवख्या चित्रकार होत्या, नागपूरजवळच्या बेला गावच्या, त्यांची सहा चित्रं कंपनीने घेतली, एकेक ८७ रुपये ५० पैशांना. का घेतली? कारण देशोदेशी बुकिंग ऑफिसं होती आणि त्यांच्या भिंती रिकाम्या होत्या! तिथून पुढे गायतोंडे, हुसेन अशा चित्रकारांचा संग्रह वाढत वाढत हजारोंच्या घरात गेला आणि आता तो नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवलाय. १९६७ मध्ये स्पेनचा चित्रकार साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतले तर त्याने मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि यांनी ते बंगळूरहून जिनिव्हाला विमानाने पोचवलं. विमान कंपनीशिवाय असा मोबदला कोण देणार?

खेळाडूंना नोकऱ्या दिल्या तेही यातच येतं. खडकीचा हॉकीपटू धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला, तो इंडियन एअरलाइन्सच्या टीमकडून खेळायचा. महिन्याचा पगार आणि वर खेळायला मोकळीक, हॉकीसारख्या खेळात हे किती मोलाचं ते ज्यांनी घरात खेळाडू वाढवलाय त्यांना विचारा. जर्सीवर नाव छापण्यापेक्षा मला ते कितीतरी मोठं वाटतं.

आणि युनिसेफचं चेंज फॉर गुड, १९८७ पासूनचं. प्रवाशाच्या खिशात परदेशी चिल्लर उरते, ती बँकही बदलून देत नाही, तर केबिन क्रू पाकीट फिरवून ती गोळा करतो आणि त्यातून मुलांची कामं होतात. कॅथे, क्वांटास अशा कंपन्या यात आहेत.

म्हणून म्हणतो, ५,००० डॉलर खोडा आणि ढोलांसाठी विमानाच्या पोटातली जागा मागा.

प्रेषक: खजिनदार

काकांशी सहमत, आणि हिशेबाची बाजू पण सांगते. इथे आयपीसी (सरकारमान्य लोकोपयोगी संस्था) दर्जा असलेल्या संस्थेला देणगी दिली तर देणाऱ्याला अडीचपट करवजावट मिळते. आपल्या मंडळाकडे तो दर्जा नाही, मग कंपनीने रोख आपल्याला का द्यावी, ती कम्युनिटी चेस्टसारख्या ठिकाणीच देणार ना, आणि खरं सांगायचं तर तिथे आपल्यापेक्षा जास्त गरजेची माणसं आहेत. जादा सामानाची सूट मागणं मला जास्त बरोबर वाटतं. फक्त नुसतं "सहकार्य करावे" लिहू नका, किती नग, किती किलो, कुठल्या तारखेला ते सगळं स्पष्ट लिहा.

प्रेषक: युवा समिती

काका, ताई, दोघांचेही खूप आभार. काल पुण्याच्या वादक मित्राशी बोललो, तो म्हणतो ढोल आतून पोकळ, त्यामुळे किलोपेक्षा आकाराचीच अडचण येते, ओव्हरसाइझमध्ये जातो. पान (ज्यावर वाजवतात तो पडदा) आणि दोरी काढून नुसती पिंपं पाठवली तरी जागा तेवढीच लागणार, पण पानं वेगळी नीट गुंडाळून आणली तर प्रवासात फाटायची भीती नाही. दहा ढोल आणि चार ताशे, प्रत्येकाची लांबी आणि घेर तो टेपने मोजून आज रात्री कळवतोय. ते आकडे घालून नवीन मसुदा उद्या टाकतो. आणि बदल्यात आपण काय देऊ शकतो, तर मुलं कंपनीच्या एखाद्या चॅरिटी कार्यक्रमात फुकट वाजवतील, हे मुलांनी स्वतःहून सुचवलंय. ते पत्रात घालू का?

प्रेषक: टॅम्पिनीजचे काका

घाला. सगळ्यात वर घाला.