सलाईनचा दिवस: आमवाताच्या उपचाराचे अनुभव लिहा

गुलबक्षी: आमवात सहा वर्षं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेते, तरी मनगटं सुजलेलीच. आता रिटुक्सिमॅब द्यायचं ठरतंय. अशा बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचं सलाईन घेतलेल्यांनी तो दिवस कसा जातो ते लिहा. हळद-मेथी कृपया नको, घरात सल्लागार पुरेसे आहेत.

चहाबाज: रिटुक्सिमॅबला अख्खा दिवस धरा. मी सकाळी आठला गेलो, साडेचारला सुटलो. आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देतात. त्यानं अशी गुंगी येते की नेलेलं पुस्तक उशाशीच राहिलं. औषध ताशी ५० मिलिग्रॅमनं सुरू करून, सोसतंय असं दिसलं की अर्ध्या-अर्ध्या तासानं वाढवतात. दुसऱ्या तासाला माझ्या घशात खवखवायला लागलं. उगाच बाऊ कशाला, म्हणून गप्प बसलो. अंगावर पित्त उठल्यावर सिस्टरचं लक्ष गेलं. सलाईन थांबवलं, पुढे हळू लावलं आणि मला यथेच्छ झापलं. पंधरा दिवसांनी दुसरा डोस, त्यात काही नाही.

जाईजुई: माझं इन्फ्लिक्सिमॅब. पहिल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. एक्स-रे स्वच्छ, पण टीबी गोल्ड ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह! सुप्त टीबी, म्हणजे अंगात जंतू पण आजार नाही. आधी महिनाभर त्याच्या गोळ्या, मग सलाईन. फार चिडले होते तेव्हा. तिसऱ्या डोसनंतर दुधाची पिशवी दातांनी न फाडता कात्रीनं कापली. सातव्या आठवड्यात मात्र बोटं कुरकुरतात, कॅलेंडर बघावं लागत नाही.

माईंची लेक: आईला दर चार आठवड्यांनी टोसिलिझुमॅब, तासाभरात होतं. पण शीर सापडत नाही, एकदा तीनदा टोचलं. आता हात गरम पाण्याच्या पिशवीनं शेकून नेतो. एक लक्षात ठेवा: या औषधावर तिला न्यूमोनिया झाला तेव्हा सीआरपी (रक्तातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) नॉर्मल, ताप नावापुरता. नुसत्या खोकल्यावरून डॉक्टरांनी एक्स-रे काढला म्हणून सापडला.

पेठकर: '२४ तास ॲडमिट नव्हतात' म्हणून माझा मेडिक्लेम परत आला. पॉलिसीतल्या डे-केअरच्या (दिवसात उरकणाऱ्या उपचारांच्या) पानाची झेरॉक्स जोडून पुन्हा पाठवला, तीन महिन्यांनी पैसे आले.

गुलबक्षी: चहाबाज, बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची का हो?

चहाबाज: मला १२ तास आधी बंद ठेवायला सांगितली होती, सलाईन चालू असताना बीपी उतरू शकतं म्हणून. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि स्वेटर न्या, एसी भयंकर असतो.