कोहेन फलक: गुरुवारच्या आत उत्तर हवं

प्रेषक: सचिव
विषय: कोहेन फलक, गुरुवारच्या आत उत्तर हवं

मंडळी,
सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कार्यक्रमासाठी आपलं मराठी मंडळ कोहेन या ज्यू आडनावाच्या नामवंतांवर फलक करतं आहे. त्याची फाइल गुरुवारी संध्याकाळी पाचला छापायला जाते. चौकटी बारा, नावं सतरा. पाच कमी करा. अक्षर बारीक करून सगळं कोंबायचं नाही, मागच्या वेळी ज्येष्ठांना काहीच वाचता आलं नव्हतं.

पक्क्या नावांपैकी काही: आपल्या मॉन्ट्रियलचा गायक-कवी लेनर्ड कोहेन, पॉल कोहेन, कोहेन-तानुजी, स्टॅन्ली कोहेन, मिल्ड्रेड कोन, चित्रपटवाले कोएन बंधू (दोघांची मिळून एक चौकट). वाद आहे तो वास्तुविशारद लुई कान, ऑलिव्हर कान, एली कोहेन, कागान आणि कात्झ यांच्यावर. शिवाय देवनागरीत कोहेन लिहायचं, कोहन की कोएन, तेही एकदाचं ठरवा. सिनेगॉगच्या मंडळींनी तीन वर्षं आपल्या गणपतीला हॉल दिला. त्यांच्या कार्यक्रमात आपला हा एकच फलक आहे.

*

प्रेषक: नाना
विषय: पुन: कोहेन फलक

लुई कानचं नाव वादात कसं काय? अहमदाबादच्या आयआयएमच्या आवारात मी विद्यार्थी असताना चार दिवस वही घेऊन बसलो होतो. विटांची पसरट कमान आणि तिचे दोन्ही पाय धरून ठेवणारी काँक्रीटची पट्टी, हे त्याचं डोकं. दुपारी उन्हाचा एक गोल तुकडा भिंतीवरून सरकत जातो, तो मी तासभर पाहिला आहे. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहूनच परतत असताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर तो गेला. आपल्या देशासाठी एवढं करून गेलेला माणूस फलकावर नको?

कागान काढा, माझी हरकत नाही.

*

प्रेषक: भाऊ (खजिनदार)
विषय: पुन: पुन: कोहेन फलक

एली कोहेन नको. दमास्कसला १९६५ मध्ये फाशी गेलेला इस्रायलचा हेर. त्याच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण दिवाळी अंकात राजकारण आलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आपण पाहुणे आहोत.

ऑलिव्हर कान मात्र हवाच. मुलं फलकापाशी थांबतील ती त्याच्यामुळे. २००२ च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळालेला गोलकीपर आहे तो, दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरला तो मिळालेला नाही.

चौकट वाढवली तर खर्च वाढेल, तो मंजूर नाही.

*

प्रेषक: ताई (मजकूर)
विषय: पुन: पुन: पुन: कोहेन फलक

भाऊ, ऑलिव्हर कान येणार नाही. जर्मनमध्ये ‘कान’ म्हणजे होडी. ज्यूंमध्ये ते आडनाव कोहेनवरून आलं, पण इतर जर्मनांतही ते आहे आणि तिथे कोहेनशी त्याचा संबंध नाही. हाच घोळ डच लोकांत आहे. बटाव्हिया (आजचं जकार्ता) वसवणारा यान पीटरस्झोन कोएन कुणीतरी यादीत घातला होता, तो ज्यू नव्हताच. त्याला मी आधीच काढलं.

मूळ शब्द तीन अक्षरी, काफ-हे-नून. अर्थ पुरोहित. मोशेचा भाऊ अहरोन, त्याच्या मुलांचा वंश. पुढे जिथे गेले तिथल्या जिभेने शब्द वळवला. जर्मनीत कोन आणि कान. रशियन भाषेत ‘ह’ नाही म्हणून ‘ग’ आला, तेच कागान आणि कोगान. कात्झ हे तर आडनाव दिसतं पण आहे दोन शब्दांचं आद्याक्षर, ‘कोहेन त्सेदेक’, म्हणजे सत्शील पुरोहित.

नाना, लुई कानबद्दल वाईट वाटतं, पण हा माणूस एस्टोनियाकडून आला तेव्हा कान नव्हता. घरचं आडनाव श्मुइलोव्स्की. अमेरिकेत आल्यावर वडिलांनी बदललं. फलकाचं नाव ‘कोहेन’ आहे. जो त्या नावाने जन्मलाच नाही त्याला तिथे बसवायचं तर का, हे लोक विचारतील आणि उत्तर मला द्यावं लागेल.

*

प्रेषक: नाना
विषय: पुन: पुन: पुन: पुन: कोहेन फलक

ताई, मग आपल्यातल्या कुलकर्ण्यांपैकी किती जणांनी गावचं दप्तर सांभाळलं आहे? चिटणीसांपैकी किती जण चिटणीस आहेत? नाव लावलं, त्या नावाने काम केलं, त्या नावाने जग ओळखतं. एवढं पुरे नाही?

*

प्रेषक: माईंची नात
विषय: स्टॅन्ली कोहेनचा फोटो चुकला आहे!!

सगळ्यांना नमस्कार. ड्राफ्ट आत्ता पाहिला. फोटो दुसऱ्याच स्टॅन्ली कोहेनचा आहे. फोटोतले स्टॅनफर्डचे. त्यांनी हर्बर्ट बॉयरबरोबर १९७३ मध्ये जनुकं एका जीवातून दुसऱ्यात घालून दाखवली. खालचा मजकूर आहे तो व्हँडरबिल्टच्या स्टॅन्ली कोहेनचा, १९८६ चं नोबेल मिळालेल्यांचा. ते ब्रुकलिनचे, २०२० मध्ये गेले. दोघेही जीवशास्त्रातले, म्हणून नेहमी गफलत होते. आमच्या वर्गातसुद्धा सादरीकरणात झाली होती.

एक ओळ घालाल का? १९८६ चं ते नोबेल त्यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनीबरोबर विभागून मिळालं. पेशी वाढायला लावणारे घटक शोधल्याबद्दल. म्हणजे एक कोहेन आणि एक लेव्ही (ज्यूंमधलं मंदिरसेवेचं दुसरं घराणं). हे मला फार आवडलं.

आणि मिल्ड्रेड कोनची चौकट कृपा करून कमी करू नका. सगळ्या फलकावर ती एकटीच बाई आहे. विकर (एन्झाइम) रेणूंशी काय करतात ते चुंबकीय अनुनादाने तिने दाखवलं, १९८२ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं.

*

प्रेषक: अण्णा (भजनी मंडळ)
विषय: पुन: स्टॅन्ली कोहेनचा फोटो चुकला आहे!!

पोरी, शाब्बास.

लेनर्डच्या चौकटीत वेस्टमाउंट, मॅकगिल, क्रेसेंट स्ट्रीटवरचं भिंतचित्र हे सगळं आलं आहे, पण ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. मुंबई कुठे आहे? १९९९ मध्ये तो मुंबईला येऊन राहिला होता, रमेश बाळसेकरांकडे रोज सकाळी सत्संगाला जायचा. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे मोठे अधिकारी होते, निवृत्तीनंतर निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणाचे दुभाषी झाले. महाराज खेतवाडीत विडीचं दुकान चालवायचे आणि शुद्ध मराठीत अद्वैत सांगायचे. म्हणजे मराठीत सांगितलेला अद्वैताचा धागा बाळसेकरांमार्फत आपल्या गावच्या कोहेनपर्यंत पोचला. मराठी मंडळाच्या फलकावर हे नसेल तर कुठे असेल? दोन ओळी मी लिहून देतो.

*

प्रेषक: ताई (मजकूर)
विषय: पुन: पुन: स्टॅन्ली कोहेनचा फोटो चुकला आहे!!

अण्णा, माहिती द्या, ओळी मी लिहीन. तीन हातांनी लिहिलेला मजकूर वाचवत नाही.
फोटो बदलला. मिल्ड्रेड राहील.

*

प्रेषक: मावशी
विषय: कोहेन म्हणजे काय ते आधी

सचिव आणि सगळे,
मी सहसा लिहीत नाही. पण चार दिवस वाचते आहे, तर सांगते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचं घर अलिबागच्या इस्रायल आळीतलं. आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून आम्ही शनवार तेली. आमची आडनावं गावांची, पेणकर, रोहेकर, किहिमकर. आमच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो) माझ्या लहानपणी कोहेन कुणीच नव्हतं. तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचताना पहिला मान कोहेनचा, दुसरा लेव्हीचा, मग बाकीच्यांचा. कोहेन हजर नसला तर त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावतात. आमच्याकडे नेहमी दुसराच. त्यामुळे कोहेन हा शब्द मला माहीत होता, माणूस माहीत नव्हता.

तो मी पाहिला इस्रायलला गेल्यावर, लोद गावात. आमच्या शेजारी मोरोक्कोहून आलेलं कुटुंब होतं. आडनाव कोहेन नव्हतं, वेगळंच होतं, पण घराणं कोहेनचं. माझी आई गेली तेव्हा हे गृहस्थ स्मशानभूमीपर्यंत आले आणि फाटकापाशी थांबले. सबंध विधी होईपर्यंत भिंतीच्या कडेला उन्हात उभे, हातात प्रार्थनेचं पुस्तक, घाम पानांवर पडत होता. मला राग आला होता की आत का येत नाहीत. नंतर त्यांच्या बायकोने समजावलं. कोहेनने अगदी जवळच्या सात नात्यांखेरीज कुणाच्या प्रेताजवळ जायचं नाही. ती बंधनं आजही पाळतात. घटस्फोटितेशी लग्न करता येत नाही. पहिला मुलगा झाला की बाप त्याला कोहेनकडून पाच चांदीच्या नाण्यांनी सोडवून घेतो.

म्हणून नानांना सांगते, कुलकर्ण्यांचं उदाहरण अर्धंच बरोबर आहे. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, उरलं ते आडनाव. यांचं उलट आहे. जेरुसलेमचं मंदिर रोमन लोकांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं, जिथे सेवा करायची ती जागा गेली, आणि काम मात्र बापाकडून मुलाकडे चालूच राहिलं. आडनाव असो नसो. कोहेन आडनावाचे सगळे पुरोहित घराण्याचे असतातच असं नाही, आणि सगळ्या पुरोहितांचं आडनाव कोहेन नसतं. माझ्या शेजाऱ्यांसारखे.

आडनावावरून माणूस जोखणं आम्ही भोगलं आहे. ‘कर’ने संपणारं नाव ज्यूंचं कसं, असं माझ्या थोरल्या भावाला इस्रायलमध्ये लग्नाची नोंद करताना विचारलं होतं. आजी-पणजीपर्यंतचे पुरावे मागितले. आमच्या लोकांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, मग ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यामुळे लुई कानच्या वडिलांनी नाव बदललं म्हणून तो बाहेर, हे मला पटत नाही. पण तो कोहेन होता असंही लिहू नका. जे झालं तेच लिहा.

*

प्रेषक: भाऊ (खजिनदार)
विषय: पुन: कोहेन म्हणजे काय ते आधी

मावशी, स्मशानभूमीचं वाचून एक आठवलं. लेनर्डची कबर डोंगरावर आहे, आम्ही दोघं हिवाळ्याआधी गेलो होतो. दगडावर लहान लहान खडे रांगेने ठेवलेले, एका खड्यावर कुणी पेनाने सुरावट लिहिली होती. हिने पर्समधून झेंडूचं फूल काढलं. पण बाकी कुणी फुलं ठेवलेली दिसेनात, म्हणून तिने तेही परत आत ठेवलं आणि एक खडा ठेवला. तिचं बरोबर होतं ना?

*

प्रेषक: मावशी
विषय: पुन: पुन: कोहेन म्हणजे काय ते आधी

बरोबर होतं. खडाच ठेवतात.

*

प्रेषक: नाना
विषय: पुन: पुन: पुन: कोहेन म्हणजे काय ते आधी

मावशींचं मान्य. ‘जन्मनाव श्मुइलोव्स्की’ हे कंसात घालून लुई कान ठेवा. कमानीचं रेखाचित्र मी आज रात्री काढून पाठवतो, फोटोपेक्षा स्वच्छ छापेल. कुलकर्ण्यांबद्दलचं मागे घेतो.

*

प्रेषक: सचिव
विषय: निर्णय

ठरलं ते असं. कोहेन नावाची माणसं चौकटींत (मिल्ड्रेडची चौकट आहेच). तळाला एक आडवी पट्टी, ‘या शब्दाची वळणं’: कोन, कान, कागान, कोगान, कात्झ. तिथे नाव आणि एकेक ओळ, फोटो नाही. नानांचं रेखाचित्र पट्टीच्या उजव्या टोकाला. ऑलिव्हर कान नाही. एली कोहेन यावेळी नाही, भाऊंचं म्हणणं समितीत मांडू. अण्णांची मुंबई लेनर्डच्या चौकटीत, शब्द ताईंचे.

पॉल कोहेनच्या चौकटीत ‘गणितातलं नोबेल’ असं आहे, ते ‘फील्ड्स पदक, १९६६’ असं करा. गणिताला नोबेल नाही.

उच्चार: ज्याचा त्याच्या भाषेप्रमाणे. सबंध फलकाला कोहेन, पण चित्रपटवाले भाऊ कोएन. क्लोद कोहेन-तानुजी अल्जीरियात जन्मलेले, फ्रेंच, त्यांच्याकडे ‘ह’ उच्चारत नाहीत, तर कोएन-तानुजी लिहू का? उद्या दुपारी बारापर्यंत सांगा.

*

प्रेषक: माईंची नात
विषय: पुन: निर्णय

कोएन-तानुजी. आमच्या फ्रेंच प्राध्यापक तसंच म्हणतात. लेसरने अणू थंड करण्याबद्दल १९९७ चं नोबेल, स्टीव्हन चू आणि विल्यम फिलिप्स यांच्याबरोबर. ‘थंड’ हा शब्द राहू द्या, ‘शीतकरण’ नको, मुलांना कळणार नाही.

*

प्रेषक: मावशी
विषय: हातांचं चित्र

सचिव, फाइल पाठवायच्या आधी हे बघा. वर डावीकडे कोहेनच्या आशीर्वादाचे हात काढले आहेत ते चुकले आहेत. चित्रात तर्जनी आणि मधल्या बोटात फट आहे. तिथे नाही. तर्जनी आणि मधलं बोट जोडलेलं, अनामिका आणि करंगळी जोडलेली, फट मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये. आधी लेव्ही कोहेनच्या हातांवर पाणी घालतात, कोहेन बूट काढतात, शाल डोक्यावरून ओढतात आणि हात शालीखाली असे धरतात. खाली उभ्या लोकांनी हातांकडे बघायचं नसतं. म्हणून फोटो घालू नका, चित्रच ठेवा, पण बोटं नीट काढा. येणाऱ्यांत दोन-तीन कोहेन घराण्यातले म्हातारे असतील, त्यांची नजर आधी तिथेच जाईल.

२००९ च्या सप्टेंबरात लेनर्डने रामत गानच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम संपवताना हात वर करून हाच आशीर्वाद हिब्रूत म्हटला. माझी बहीण तिथे होती. तिने मान खाली घातली, शेजारच्या पोराचीही घालायला लावली.

*

प्रेषक: ताई (मजकूर)
विषय: पुन: हातांचं चित्र

मावशी, मी उद्या सकाळी दहाला कागद-पेन्सिल घेऊन तुमच्याकडे येते. तुम्ही हात धरून दाखवा, मी तिथेच बसून काढते.