गिमारासच्या जॉर्डनला जावं का?

नेरूळहून विचारतोय. मेव्हण्याचा बोटीवरचा दोस्त फिलिपीन्समधल्या गिमारास बेटावरचा, जॉर्डन गावचा. मे महिन्यात बोलावतोय. देवगडची पेटी नेऊ का?

– पेटी अजिबात नको, दादा! बाहेरचा आंबा बेटावर न्यायलाच बंदी आहे, कीड येऊ नये म्हणून. 2023 मध्ये त्यांच्या आंब्याला देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, मग जपणारच. जॉर्डन ही गिमारास प्रांताची राजधानी, तरी भात-नारळ-आंब्याचंच गाव. समोरच्या इलोइलो शहरातून होडीने पंधरा मिनिटं. आपल्याला ठाण्यात घोडबंदर ओलांडायला तास लागतो. मे महिन्यातच त्यांचा आंबा उत्सव, मांगाहान. चुकवू नका.

– बरं, काजूकतली नेतो. पण हापूसपेक्षा गोड असतो म्हणे? मेव्हणा शपथेवर सांगतो.

– मेव्हण्याला देवगडला न्या आधी.