दुखतोय गुडघा, तपासतात किडनी: आईला कसं समजावू?

सायली_मिरज

आई ६८ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेत, शिवाय बीपी आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाईड अशी एकत्र गोळी चालू असते. घरातल्या लग्नात कार्यालयाचे जिने चढउतार करून गुडघे धरले आणि बाईसाहेबांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आम्हाला पत्ताच नाही! पावलं सुजली, लघवी कमी झाली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे यायला तयार झाली. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं समजायचं) १.७ आलं, आधी ०.९ होतं. डॉक्टरांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली. "या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात, किडनीला ते लागतं," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आईचं पालुपद एकच, "गुडघा दुखतोय माझा, आणि हे लघवी तपासतात!" तिला पटेल असं कुणी सांगेल का? आणि हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन ७५ मात्र चालू ठेवायला सांगितली आहे. तीही त्यातलीच ना?

निवृत्त_मास्तर

सायलीताई, फार्माकॉलॉजी शिकवण्यात माझी हयात गेली, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आईंना आधी हे सांगा, की गोळीला पत्ता कळत नाही. रक्तात उतरली की ती गुडघ्यात जाते तशीच किडनीतही जाते. आणि जे ती बंद पाडते ते दोन्हीकडे असतं.

ते म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, पेशींना निरोप देणारं रसायन. ते एखाद्या ग्रंथीतून सुटून अंगभर फिरत नाही. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी गरजेपुरतं जागच्या जागी बनवते आणि काम झालं की ते लगेच नष्ट होतं. पेशीच्या आवरणातून अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड सुटतं, त्यापासून कॉक्स नावाचं एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. सुजलेल्या गुडघ्यात त्यातलं 'ई-२' जातीचं वाढतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, सांधा गरम लागतो, सूज चढते. दुखण्यातली मेख वेगळीच आहे. ई-२ स्वतः फारसं दुखवत नाही, ते वेदनेच्या नसांची टोकं हळवी करून ठेवतं. मग एरवी जाणवलंही नसतं अशा साध्या वाकण्यानं कळ येते. डायक्लोफिनॅक कॉक्स अडवते, नसा शांत होतात. आईंना बरं वाटलं ते खरंच वाटलं, त्यात खोटं काही नाही.

आता किडनी. तिथल्या प्रत्येक गाळणीत एक बारीक रक्तवाहिनी आत येते, एक बाहेर जाते. धडधाकट माणसाच्या किडनीचं प्रोस्टाग्लँडिनवाचून फारसं अडत नाही. पण हायड्रोक्लोरोथायझाईड म्हणजे लघवीची गोळी. तिनं अंगातलं पाणी नि मीठ कमी झालं, की आत येणारी वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनच धावून येतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करते. या दोन गोळ्यांवर आईंचं नीट चाललं होतं, ०.९ हा आकडाच सांगतो. त्यात तिसरी शिरली. येणारी वाहिनी आवळली, जाणारी आधीच सैल, म्हणजे गाळायला लागणारा दाबच गेला. हे त्रिकूट मी दर वर्षी तोंडी परीक्षेत हमखास विचारायचो आणि निम्मी पोरं हमखास गळायची.

अ‍ॅस्पिरिन ७५ चा हिशोब निराळा. इतक्या कमी डोसात ती मुख्यतः प्लेटलेटमधलं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांमधलं, कॉक्स निकामी करते, तेही कायमचं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम बनवणार कुठून? तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यात गुठळीला मदत करणारं थ्रोम्बॉक्सेन पुन्हा बनत नाही. किडनीला या डोसाचा जाच कमी. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, पण ती प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखते हे जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ साली. १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएल्सन यांच्यासोबत मिळालं. तोवर सगळं जग नुसतं गुण येतो म्हणून गिळत होतं.

कोल्हापुरी_रस्सा

मास्तर, आमच्या काकांना इटोरीकॉक्सिब देतात, 'पोटाला सोसते' म्हणून. ती चालेल का मग काकूंना?

निवृत्त_मास्तर

नाही. फायदा पोटापुरता. कॉक्सचे दोन प्रकार आहेत. जठराचं अस्तर सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिन मुख्यतः कॉक्स-१ बनवतं आणि ही गोळी कॉक्स-२ धरते, म्हणून अल्सर कमी. पण किडनीत कॉक्स-२ सुद्धा असतं. शिवाय बीपी वाढतं ते वेगळंच. याच कुळातली रोफेकॉक्सिब १९९९ ला आली आणि हार्ट अटॅक वाढतात असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून गेली. काकांचं बीपी अधूनमधून बघत जा.

गुरांचा_डॉक्टर

थोडं अवांतर. हीच डायक्लोफिनॅक गुरांना टोचली जायची. ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. गिधाडं अशी संपत आली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली. आम्ही आता मेलॉक्सिकॅम देतो, ती गिधाडांना बाधत नाही.

सायली_मिरज

मास्तर, वाहिन्यांचं तुमचं सगळं वाचून दाखवलं तरी आई ढिम्म. गिधाडांचं ऐकल्यावर मात्र म्हणाली, "अगो, म्हणून दिसत नाहीत होय!" आणि उरलेली पट्टी स्वतःहून काढून दिली. आता विचारतेय, तेच औषध मलमात असतं ते चोळलं तर?

निवृत्त_मास्तर

जेल नीट लावलं तर गोळीच्या मानानं सुमारे ६ टक्केच औषध रक्तात जातं, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना गोळीआधी जेल हा बरा मार्ग. पण आत्ता १.७ असताना नको. क्रिएटिनिन पुन्हा करा, उतरलेलं दिसलं की डॉक्टरांना विचारून लावा. तोवर पॅरासिटॅमॉल, तीही त्यांनी सांगितलेल्या डोसात. आणि त्या मेडिकलवाल्याला आईंची बीपीची गोळी दाखवून ठेवा.

सायली_मिरज

बीपीच्या गोळीच्या पट्टीचा फोटो त्याला आजच पाठवते.